बेमालूम

रविवार, ५ ऑक्टोबर

गेली माझी किल्ली! म्हणजे अजून गेली नाही, पण चिरंजीवांच्या मनात पुढच्या रविवारी ती जायची आहे. बघू कोण घेतो ते.

झालं असं. सकाळी गाडी फाटकातून मागे घेत होते. हे बाहेर उभे राहून हात हलवत होते — येऊ दे, येऊ दे, भरपूर जागा आहे! मी येऊ दिली. खर्रर्र! फाटकाच्या खांबाने मागच्या डाव्या दारावर हातभर ओरखडा काढला. लाल रंग निघून आतला पत्रा दिसतोय. ह्यांना म्हटलं, डोळे कुठे होते तुमचे? तर म्हणे, तू फार वळवलीस. घ्या! हात ह्यांचा, वळण माझं.

मुलगा दर रविवारी जेवायला येतो. वर यायच्या आधीच त्याने खाली गाडीचं दार पाहून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर हात धुताधुता म्हणाला, "आई, आता पुरे. गाडी काढून टाकू. तुझा हात आणि तुझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

काढून टाकू! जुनी चप्पल आहे का ती? पन्नाशीला आले तेव्हा मी गाडी शिकले. शिवणाचं दुकान चालवून, माझ्या कमाईतून घेतली. तेव्हाही सगळ्यात आधी हसणारा हाच.

मग माझीही सटकली. म्हटलं, पुढच्या रविवारी ये. ओरखडा सापडला तर किल्ली खिशात घालून जा. नाही सापडला तर हा विषय ह्या घरात पुन्हा नाही. तो वकिलासारखा अट घालतो — गॅरेजात द्यायची नाही, तुझ्या हातानेच करायचं. बरं! निकाल कोण देणार? बाबा. त्याचंही बरोबर आहे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात ह्यांचा जन्म गेला, निसटलेला अनुस्वार ह्यांना मैलावरून दिसायचा.

हे मान खाली घालून बसले होते. "बरं," एवढंच म्हणाले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दार साबणाने धुतलं, कोरडं केलं. ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडतंय. म्हणजे नुसतं पॉलिश मारून भागणार नाही, सगळं शास्त्रशुद्ध करावं लागणार. करू! फाटलेल्या कोटाला असं रफू केलंय मी, की मालकाला भोक कुठे होतं ते सांगावं लागायचं. बेमालूम! पत्रा काय, कापड काय.

रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, दाराच्या आतल्या बाजूला एक पट्टी असते, तिच्यावर रंगाचा नंबर असतो, तो आणा. मी म्हटलं, नंबर तुमच्याकडेच ठेवा, माझा हिशोब नजरेचा आहे. दोऱ्याची रिळं अशीच निवडत आले इतकी वर्षं. लाल रंगाच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या आणि गाडीपेक्षा किंचित गडद घेतली. शिवणाचा नियमच आहे, दोरा कापडाहून जरा गडद घ्यायचा. शिवल्यावर तो फिका दिसतो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बाटलीवर मुंगीच्या पायासारखी अक्षरं. हात साबणाच्या पाण्यात होते म्हणून ह्यांना म्हटलं, जरा वाचून दाखवा. तर म्हणे, तुझा उद्योग आहे, तूच वाच. बघा! न्यायाधीश झाल्यापासून भाव खातायत. हल्ली पेपरही उघडत नाहीत. त्यात काही दम राहिला नाही म्हणे.

पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओरखडा हलक्या हाताने घासला. पुसला. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधी लावायचं राखाडी अस्तर. ते लावलं, वाळू दिलं. वर लाल रंग दिला. ओला असताना जरा गडद दिसतोय. वाळला की जमेल.

बुधवार, ८ ऑक्टोबर

नाही जमला! वाळून आणखीच गडद झाला! लाल गाडीवर रक्त साकळल्यासारखा पट्टा. हात दाखवून अवलक्षण! तळमजल्यावरची पोलीसबाई — पोलिसात नाही, पण सगळ्या इमारतीवर पाळत तिचीच — खिडकीतून विचारते, काय हो, पुन्हा ठोकली का? म्हटलं, हो, आणि पुढचा नंबर तुमच्या कुंड्यांचा आहे.

घरात येऊन जरा रडले. राग दोऱ्याचा. वर्षानुवर्षं जो नियम पाळला त्यानेच पाय ओढला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

घासला. सगळा रंग घासून काढला. बोटांची सालं निघाली. हरणार नाही!

शुक्रवार, १० ऑक्टोबर

नाक मुठीत धरून नंबर लिहून नेला. दुकानदार एक शब्द बोलला नाही, हे त्याचे उपकार. बरोबर बाटली मिळाली.

पुन्हा अस्तर लावलं. ते वाळत होतं तेवढ्यात हे खाली आले. मी म्हटलं, बघा, कसं चाललंय. लाल दारावर राखाडी ठिगळ, आंधळ्यालाही दिसेल असं. ह्यांनी हात मागे बांधले, वाकले आणि म्हणाले, "वा! काही दिसत नाही. अगदी बेमालूम."

माझं डोकंच फिरलं. आठवडाभर मी इथे गुडघ्यांवर बसलेय, आणि ह्यांना टोमणे सुचतायत! तेही माझाच शब्द घेऊन! म्हटलं, मुलाला सामील आहात तुम्ही. किल्ली त्याच्या हातात द्यायची घाई झालीय ना? तसं सांगा सरळ!

हे कठडा धरून सावकाश वर गेले. संध्याकाळपासून अबोला आहे. असू दे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

रंग दिला. ह्या खेपेला घाई नाही. पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. रंग ओरखड्यात उतरत गेला आणि कड दिसेनाशी झाली. वरून चकाकीचा हात. दुकानदार म्हणाला होता, पॉलिश करायला आठवडा थांबा. माझ्याकडे आठवडा कुठाय?

ह्यांच्याशी बोलले नाही. दोनदा हाक मारली त्यांनी. चष्मा कुठेय म्हणून. नाकावरच होता! ह्यालाही टोमणाच म्हणायचं की म्हातारपण?

रविवार, १२ ऑक्टोबर

जिंकले!

सकाळी अगदी हलकं पॉलिश केलं. मुलगा आला तो सरळ गाडीकडे. फोनचा दिवा लावून दार बघितलं, बोट फिरवलं, लांबून बघितलं, तिरकं बघितलं. एका जागी म्हणाला, इथे जरा खडबडीत लागतंय. मी म्हटलं, ठरलं होतं दिसण्याचं, लागण्याचं नाही. मग न्यायमूर्तींना बोलावलं.

हे हळूहळू उतरले. वाकले. पण कुठे? पुढच्या दारापाशी! बराच वेळ बघितलं. मी श्वास रोखून उभी. मुलगा त्यांच्या मागे होता, तो फोनमध्ये बघत होता. मग हे म्हणाले, "मला काही दिसत नाही."

मुलगा हसला. म्हणाला, बाबांना दिसत नाही म्हणजे नाहीच. ठीक आहे आई, हरलो.

पक्षपात! मागचं दार बघायचं सोडून मुद्दाम पुढचं बघितलं. माझे डोळे भरून आले. शेवटी नवराच तो, शुक्रवारचं भांडण पोटात घालून माझ्या बाजूने उभा राहिला. रात्री जेवताना म्हटलं, चांगलीच लबाडी केलीत हो. ते नुसते हसले, आणि पाण्याचा पेला घ्यायला गेले तो पेल्याच्या अलीकडेच हात टेकला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

तो हात. मला झोप लागली नाही.

येऊ दे, येऊ दे, भरपूर जागा आहे. बाटलीवरची अक्षरं. न उघडलेला पेपर. राखाडी ठिगळ. पुढचं दार. सगळं आठवडाभर माझ्या समोर, आणि नजर म्हणे माझी!

सकाळी त्यांच्यासमोर बसले. विचारलं, कधीपासून?

"मी सांगत होतो की तुला," म्हणाले. "काही दिसत नाही. दोनदा सांगितलं."

हात धरून खाली आणलं. गाडीत बसवलं, पट्टा लावला. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून ठेवलाय. किल्ली फिरवली, गाडी मागे घेतली. शेजारी बसून हे आपले हळू आवाजात — येऊ दे, येऊ दे.

म्हटलं, तुम्ही बसा. आता मी बघते.