भोपळ्यावरचे दोन फ आणि माझी मिळकत

मी, फैझल रज्जाक शिकलगार, वय बावीस, धंदा भोपळ्यावर नक्षी कोरणे, राहणार कसबा पेठ, पुणे, हे लिहून ठेवतो की आज माझी तब्येत ठणठणीत आहे आणि डोकं ठिकाणावर आहे. डोक्याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. पण तापलेलं म्हणजे बिघडलेलं नव्हे. हा कागद मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उलट सगळ्यांनी लिहू नको असंच सांगितलं.

लिहिण्याचं कारण असं. उद्या रविवारी सकाळी मला मार्केट यार्डात फैजशेठ बागवान यांच्या भोपळ्याच्या गाळ्यावर बोलावलं आहे. त्यांची मुलगी फरहत हिच्याशी मला लग्न करायचं आहे आणि हे त्यांना बुधवारी कळलं. गाळ्यात भोपळे कापायचे कोयते असतात. म्हणून ही व्यवस्था.

कलम १. माझा ड्राफ्टर मी कॉलेजातल्या वर्कशॉपच्या सरांना देतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला त्यांनी लोखंडी पट्टी घासून सरळ करायला सांगितली. मी केली आणि कडेने एक वेल कोरला. त्यांनी शून्य दिलं. म्हणाले, हे इंजिनिअरिंग आहे, मेंदी नाही. मी म्हणालो, सर, तुमच्या पट्ट्या सरळ आहेत म्हणूनच त्यांच्याकडे कोणी बघत नाही. त्यानंतर मी कॉलेजात गेलो नाही. सरांनी ड्राफ्टरने सुखाने सरळ रेघा माराव्यात.

कलम २. माझा मित्र उत्तरेश्वर याला मी काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि कालचा राग अजून उतरलेला नाही. त्याच्या हिंजवडीच्या कंपनीत काल हॅलोविन होता. त्याने मला कोरायला नेलं. तिथल्या मॅडमना भोपळ्याला दोन डोळे आणि दात पाडून हवे होते. मी समजावलं की मी भोकं पाडत नाही. वरची साल जरा खरवडली की पिवळं दिसतं, खोल गेलं की केशरी, आणि आत दिवा ठेवला की जितकं खोल तितका उजेड. मॅडम म्हणाल्या, ते ठीक आहे, पण लोक घाबरले पाहिजेत. मी त्यांच्या मॅनेजरचा चेहरा कोरला. सगळे घाबरले. उत्तरेश्वर सोमवारी कामावर जायला तयार नाही.

कलम ३. अब्बांना मी काय देणार, आहे ते त्यांचंच आहे. अब्बा भांड्यांवर नावं घालतात. मशीन आल्यापासून हातछिन्न्या पेटीत पडून होत्या, त्या त्यांनी मला दिल्या आणि मी भोपळ्यावर चालवल्या, याचं त्यांना दुःख आहे. "आम्ही घातलेलं नाव नातवंडं वाचतात. तुझं नाव आठवड्यात बुरशी वाचते," असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणतात. त्यांना विनंती एवढीच की उद्या माझ्याबरोबर यावं. हे तोंडीही विचारलं आहे. त्याचं उत्तर खाली आहे.

कलम ४. हातछिन्न्यांची पेटी, हातोडीसह, मी फरहत फैजमोहम्मद बागवान हिला देतो. आमच्या कायद्याने माणसाला तिसऱ्या हिश्श्यापुरतंच असं लिहून देता येतं, आणि माझ्या मिळकतीत पेटी सोडून फारसं काही नाही. म्हणून जास्तीच्या भागाला घरच्यांनी संमती द्यावी. अम्मी लगेच देईल. अब्बा आधी ओरडतील, मग देतील.

फरहत लॉ कॉलेजला आहे आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या गाळ्यावर बसते. मी पहिल्यांदा भोपळा घ्यायला गेलो, तेव्हा माझ्या हातातला काढून घेऊन तिने दुसरा दिला. "देठ असलेला घ्यावा. बिनदेठाचा लवकर सडतो. कोरायचाय ना?" हे तिला कसं कळलं, तर माझ्या नखात छिन्नीचा काळा मळ होता. त्यानंतर मी भोपळे गरजेपेक्षा बरेच घेतले. आमच्या घरी आजही भाजी विचारायची पद्धत नाही.

कलम ५. भांडणाची हकिकत, म्हणजे पुढे कोणी तिखटमीठ लावू नये. मी तिच्यासाठी एक भोपळा कोरला. अंगभर जाळी, मध्ये जागा. त्या जागेत काय घालावं याचा विचार करत असताना हात सवयीने भांड्यासारखाच चालला: "फ. कडून फ. ला सप्रेम भेट." तो भोपळा तिने घरी न्यायच्या आत शेठनी पाहिला. पहिला फ म्हणजे फर्म आणि दुसरा फ म्हणजे फैज, असा अर्थ त्यांनी स्वतःच लावला आणि भोपळा गादीशेजारी मांडला. येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायचे. मी ते चालू दिलं. बुधवारी मात्र ते एकाला म्हणाले, हे मशीनचं काम आहे, हाताने असं होत नाही.

मी म्हणालो, "मशीन नाही, माझा हात आहे. आणि यातला एकही फ तुमचा नाही."

हमाल थांबले. शेठनी भोपळा बघितला, मग मला. "मग कोणाचा?"

मागे बसलेल्या फरहतने पुस्तकातून मान वर केली. मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं नाही. शेठना ते पुरलं. म्हणाले, "रविवारी ये. बापाला घेऊन ये."

घरी सांगितलं. लग्नाचं ऐकून अब्बा जेवत राहिले. मशीनचं ऐकल्यावर त्यांनी घास खाली ठेवला. "हाताने होत नाही म्हणाला? मग यायलाच लागेल." हे त्यांचं उत्तर.

कलम ६. दुरुस्ती. वरचा मजकूर मी आज दुपारी फरहतला तपासायला दाखवला. तिने कलम ४ वर लाल पेनाने आडवी रेघ मारली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, पेटी नको असेल तर तसं सांग, रेघा कशाला मारतेस.

ती म्हणाली, "नको कुठं म्हटलं? हे कलम टिकणार नाही. वारसाला मृत्युपत्राने देता येत नाही."

मी तिला वारस म्हणजे कोण ते समजावायला लागलो. आई, वडील, मुलं, असं बोटांवर मोजलं. ती शांतपणे ऐकत होती.

"बायको राहिली," ती म्हणाली, पेनाला टोपण लावलं आणि निघून गेली.

सबब कलम ४ रद्द समजावे.

ठिकाण: कसबा पेठ, पुणे. शनिवार, १ नोव्हेंबर २०२५.

लिहून देणार: फैझल रज्जाक शिकलगार

साक्षीदार: १. उत्तरेश्वर माळी, मूळचा बार्शीचा, हल्ली हिंजवडी. २. रावसाहेब भिलारे, चहावाले, कसबा पेठ.

आम्हां दोघांसमोर त्याने सही केली. दोनदा केली, कारण पहिल्या खेपेला पेन उलटं धरलं होतं.