जिन

धरणगाव,
कार्तिक वद्य पंचमी, १९६९

प्रिय भटू,

तुझं कार्ड पोचलं. नातवाचं नाक आजीवर गेलंय, एवढं वाक्य तुझ्या आईने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. इकडे जिनचा भोंगा परवापासून वाजू लागलाय. अंगणात वाळत घातलेल्या धुण्यावर रुईचा भुगा बसतो, आणि आईचा खोकलाही हंगामावर हजर झालाय.

कॉलेजात असताना तू घरी ठेवून गेलेला जाडा शब्दकोश मी अजून चाळतो. गठाणींवरचे छाप वाचून ए-बी-सी शिकलेला माणूस मी, मला वाटायचं जिन म्हणजे आपली कापसातून सरकी काढणारी. तर निघालं भलतंच. एंजिन शब्दाचं डोकं उडालं आणि शेपूट राहिलं, ते हे जिन. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ अक्कल, हुन्नर. साहेब पितो ती जिन निराळ्या घराण्यातली, कुठल्याशा झाडाच्या फळावरून आलेली. आणि जनावर धरायच्या फाशालाही जिनच म्हणतात. हे आईला सांगितलं, तर कापूस निवडता निवडता म्हणाली, "फासा शे तं शे. मना पोऱ्या तं त्यामाईन सुटी गया."

तू सुटलास, भटू. तू मॅट्रिकला होतास त्या हंगामात जिनवर कापूस घालताना रुळाने तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. पट्टी बांधलेल्या हाताने ती तुझा डबा भरायची. तो हात तेव्हा तिने कुणापासून लपवला नाही. बाजारात भाजी घ्यायलाही तोच पुढे करायची.

तुझ्या लग्नात मात्र वरमाय म्हणून पाटावर बसली तुझी काकू लताबाई. विहिणीने पाय धुतले ते तिचे. लोक हाताबद्दल विचारत बसतील, असं तूच म्हणालास. आई मांडवामागे पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, इथे गार वाटतंय. त्या दिवसापासून ती हात पदराखाली घेऊन बसते. घरातसुद्धा, माझ्यासमोरसुद्धा.

आता तुझ्या सासूबाईंना बाळंतिणीचं झेपत नाही, म्हणून बारशाला आईला आण आणि दोन महिने राहू दे, असं तू लिहितोस. तिचं गाठोडं केव्हाच बांधून झालंय. तिच्या मनात काही नाही. माझ्या मनात आहे. गुरुवारी मी तिला घेऊन येतो. बारशाला व्याही, विहीण, तुझ्या हापिसातली माणसं जमतील, त्यांच्यादेखत तिला पाटावर बसव आणि तिचे पाय तू स्वतः धू. ते काम सुनेला सांगू नकोस, काकूलाही नको. पाट मांडलेला दिसला नाही, तर त्याच एसटीने मी तिला परत आणीन.

हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. काय लिहिलं, असं विचारेल. खुशाली कळवली, म्हणेन.

तुझाच,
आबा