शवपेटीतलं अर्ध्या सेकंदाचं हसू

४ जून, मंगळवार

दगडी खल! कच्च्या पपईचं सॅलड आणि दगडी खलात! आजवर कुणी केलंय? पपईला मातीचा खल, लाकडी बत्ता — पोक, पोक, असा पोकळ आवाज. दगडी खल मसाल्याला. क्रितने संगणकातून उचललेला आवाज लावून ठेवला होता. दिग्दर्शक, वय एकतीस, परदेशात शिकलेला. मी म्हटलं, "बाळा, तुझी नायिका पपई कुटत नाहीये, खडी फोडतेय." ओशाळून हसला. म्हणाला, "म्हणूनच तर तुमच्याकडे आलो, उदोमकाका."

काम मोठं आहे. 'धक्क्यावरची नवरी' नव्याने काढतायत. बत्तीस वर्षांपूर्वीचा सिनेमा. क्रितची अट एकच — जुन्यातला प्रत्येक आवाज जसाच्या तसा हवा, पण नवा, स्वच्छ. पाऊल, ओल्या कपड्याची फडफड, दाराची कडी, सगळं. हे हाताने करणारे आता या शहरात दोन जण उरलेत. दुसऱ्याला गुडघ्यांमुळे वाळूत चालता येत नाही.

म्हणजे मीच.

५ जून, बुधवार

जुनी प्रत लावून बसलो. सोपं आहे बरंचसं. धक्क्याच्या फळ्या सागाच्या नाहीत, हलक्या लाकडाच्या आहेत, हे दुसऱ्याच पावलाला कळलं. त्या काळी बाकी सगळे आवाज मागाहून भरत, पण या सिनेमाच्या दिग्दर्शकाने जागेवरच माइक लावला होता. त्यामुळे कालव्यातली होडीसुद्धा खरी. कालवा शहराला लागूनच्या बांग क्रुआयचा, मी शपथेवर सांगतो.

अडलं एकाच ठिकाणी. देवळात शवपेटी उघडते, आतली मेलेली नवरी दिसते, आणि दृश्य तुटायच्या आधी तिच्या ओठांवर हसू येतं. बारा फ्रेम. अर्धा सेकंद. सिनेमा गाजला तो या अर्ध्या सेकंदावर. त्या हसण्याबरोबर एक आवाज आहे. कसला, ते कळत नाही.

मला कळत नाही असा आवाज!

७ जून, शुक्रवार

करून पाहिलं: केळीचं सोपट चिरणे. ओला बांबू पिळणे. नारळाच्या करवंटीत ओलं बोट फिरवणे. जुन्या छत्रीची तार. कोळंबीचं कवच. एकही नाही.

लमुन दुपारी जेवण घेऊन खाली स्टुडिओत आली. सगळा पसारा पाहून म्हणाली, "बायकोला चार कोळंब्या मिळत नाहीत आणि माइकला अर्धा किलो!"

मी म्हटलं, "माइक तक्रार करत नाही."

"माइक भांडी पण घासत नाही."

आणि हसली. तिचं हसणं म्हणजे हात तोंडावर आणि खांदे हलतात. आवाज नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिच्या हसण्याचा आवाज मी ऐकलेला नाही. लग्नाआधी वाटायचं, किती सभ्य मुलगी! कपडेपटात शिवणकाम करायची तेव्हा.

८ जून, शनिवार

चामड्याची पिशवीही नाही.

१० जून, सोमवार

क्रितने विचारलं, "काका, मी सगळं मोठं करू का? लोकांना आता दचकवावं लागतं." मी नाही म्हटलं. त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहून ठेवतो.

मी नव्याने काढलेले भुताचे पंचवीस-तीस सिनेमे तरी पाहिलेत, कामासाठी. बहुतेकांत लोक दचकतात आणि बाहेर येऊन नूडल्स खातात. तीन-चार मात्र असे, की माणसं बाहेर येतात आणि बोलतच नाहीत. का? पुष्कळ विचार केला. ज्यांत सगळं बदललेलं असतं ते नव्हेत. सगळं जागच्या जागी असतं, फक्त एक गोष्ट नसते, ते सिनेमे. अंगणातल्या वास्तुदेवतेच्या छोट्या घरापुढे लमुन रोज लाल सरबताची बाटली ठेवते, आतली नळी रस्त्याकडे वळवून. एखाद्या सकाळी बाटली आहे, सरबत तेवढंच, पण नळी घराकडे वळलेली — तर? बाटली चोरीला गेली तर मी चोराला शिव्या घालीन. नळी वळली तर दिवसभर मान मागे वळवत राहीन.

जुना सिनेमा पाहिलेला माणूस तो डोक्यात घेऊनच येतो. त्याला पुढचं माहीत असतं, तो वाट पाहत असतो. घाबरवायचं त्या वाट पाहण्याला.

हे कुठल्या पुस्तकात नाही. मी काही पुस्तकं वाचून शिकलेलो नाही.

१२ जून, बुधवार

सापडलं! वस्तू नव्हेच. श्वास आहे. माणसाचा. हसू आहे ते — पण बाहेर सोडलेलं नाही, आत ओढलेलं. नाकाचा भाग शून्य. सगळं घशाच्या तळातून, एकच ओढ.

वर जाऊन लमुनला ओरडून सांगितलं, "अगं, ती हसते आहे! शवपेटीतली बाई खरंच हसते आहे!"

लमुन मिरच्यांचे देठ काढत होती. हात थांबला. मग उठली, अंगणात गेली, वास्तुदेवतेपुढची बाटली उगाच सरळ केली.

१३ जून, गुरुवार

लमुनने आज सांगितलं ते जसं सांगितलं तसं लिहितो.

शवपेटीत ती होती. लमुन. तेव्हा तेवीस वर्षांची. नायिकेने ऐन वेळी पेटीत झोपायला नकार दिला, पेटी देवळातली खरी होती म्हणून. अंगकाठी सारखी म्हणून कपडेपटातल्या लमुनला नवरीचा रंग फासून झोपवलं.

आमच्या धंद्यातली रीत अशी, की मेल्याचं काम केलेल्या माणसाने काम होताच, कॅमेरा चालू असतानाच, त्यात बघून हसायचं. मी मेलो नाही, जिवंत आहे, हे दाखवायला. म्हणजे अशुभ उतरतं. तो तुकडा नंतर कापून टाकतात. लमुन त्या रीतीप्रमाणे हसली. आणि कापणाऱ्याची चूक! बारा फ्रेम कापायच्या राहिल्या.

"पहिल्या खेळाला लोक किंचाळल्याचं कानावर आलं," ती म्हणाली. "दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, हीच तर गंमत. मी त्यांना म्हटलं, माझं हसू परत घ्या, एकदा पुन्हा हसते. सगळे हसले माझ्यावर. कॅमेरा परत गेला होता, म्हणे."

"मग?"

"मग काय? माझी आत्या म्हणाली, तुला परत आणणारं हसू त्या नवरीकडेच राहिलं. तू अजून पेटीतच आहेस."

म्हणून हात तोंडावर! आणि मी तिला सभ्य समजत होतो.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माइक घेऊन आला असता."

खरं आहे. आलो असतो.

(आडवं झोपून हसलं की श्वास आत ओढला जाणारच. म्हणजे आवाज जुळतो.)

१४ जून, शुक्रवार

काम केलं नाही. लमुनला घेऊन बाजारात गेलो, कोळंबी आणली. खायला.

१६ जून, रविवार

लमुनने सकाळी एकच विचारलं, "पेटीतल्या त्या नव्या मुलीला नंतर वेगळं हसवलं ना?"

क्रितला फोन लावला. म्हणाला, "हसली की! हसूच तर आहे त्या दृश्यात. पुन्हा कशाला?"

अरे गाढवा!

लमुनने फोन माझ्या हातातून घेतला. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "ते हसू भुताचं होतं. तिचं कुठे आहे? आज दुपारी तिला इथे घेऊन ये. कॅमेरा आण. आणि जेवून येऊ नकोस, मी माशाची कढी करते आहे."

आले दोघं! मुलीचं नाव ख्वान, बावीसची असेल. दारातच लमुनला हात जोडून म्हणाली, "मावशी, मला दोन आठवडे नीट झोप नाही. वाटलं, कामाचा ताण."

लमुनने तिला अंगणात उन्हात उभं केलं. क्रितने कॅमेरा लावला. लमुन म्हणाली, "हास."

"असंच कशी हसू, मावशी?"

"या उदोमकाकांकडे बघ. गेला आठवडाभर कोळंबीच्या टरफलांशी बोलत होते."

मुलगी अशी खळखळून हसली, की शेजारच्यांचा कुत्रा उठून उभा राहिला. क्रितने व्यवस्थित टिपलं. मग कढीला बसलो. ख्वानने तीनदा भात घेतला. क्रित म्हणाला, "मावशी, कॅमेरा आहेच, तुमचं पण घेऊ?"

लमुनचा हात लगेच तोंडावर गेला. "माझं राहू दे. मला आता येतच नाही."

१८ जून, मंगळवार

जुन्या प्रतीवरून तो आवाज सोडवला. खरखर काढली, होडीचं इंजिन काढलं. आता तो एकटा आहे, काचेसारखा. तीस वर्षांत इतकं स्वच्छ काम मी केलेलं नाही. क्रितला हेच हवं आहे. दिलं की नाव होईल माझं.

दिलं की लमुन पुन्हा पेटीत जाईल. या वेळी माझ्या हाताने.

१९ जून, बुधवार

तिला विचारलं. म्हणाली, "तुमचं काम आहे. तुम्ही ठरवा." हे "ठरवा" मला चांगलं ठाऊक आहे.

२१ जून, शुक्रवार

ठरवलं. त्या बारा फ्रेममध्ये काही ठेवलं नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही — रातकिडे काढले, पाणी काढलं, खोलीची हवासुद्धा काढली. ख्वानचे ओठ हसतात आणि अर्धा सेकंद जगात आवाजच नाही.

क्रित ऐकून उसळला. "काका, इथे भोक पडलंय!"

"भोक नाही. जागा आहे."

"लोक त्या आवाजासाठी तिकीट काढणार!"

"म्हणूनच."

"तुम्हाला सापडला नाही, असं सांगा ना सरळ!"

हे लागलं. फार लागलं. खिशात तो आवाज होता, वाजवून दाखवला असता तर त्याची बोलती बंद झाली असती. नाही वाजवला. एवढंच म्हटलं, "चाचणीच्या खेळाला असं दाखव. लोक नाही म्हणाले तर दुसरा माणूस बघ. माझं नाव काढून टाक."

घरी येऊन तीन पेले बर्फाचं पाणी प्यायलो.

२७ जून, गुरुवार

चाचणीचा खेळ. चाळीस माणसं, जुना सिनेमा पाहिलेली. त्या जागी कुणी किंचाळलं नाही. कुणी हललंसुद्धा नाही. क्रित माझ्याकडे रागाने बघत होता. संपल्यावर माणसं उठली, आणि बोललीच नाहीत. एक बाई बाहेर पायरीवर बसून राहिली.

मग चिठ्ठ्या वाचल्या. चाळीसपैकी एकोणीस जणांनी लिहिलं — ते हसू अगदी तसंच ठेवलंत. एकाने लिहिलं, "मागच्या रांगेतून आलं ते कसं केलं?" आणखी एक: "पूर्वीपेक्षा जवळून ऐकू आलं."

क्रितने चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "काका, तिथे खरंच काही नाही ना?"

"तूच भोक म्हणालास."

त्याने दोन्ही हात जोडून मान खाली घातली. हात कपाळापर्यंत, गुरूला करतात तसे!

२८ जून, शुक्रवार

आज नुसता खिडकीत बसून कॉफी पीत होतो. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नाही. लमुनला चिठ्ठ्यांचं सांगितलं. तिने नीट ऐकलं, बटाटे सोलत. मग म्हणाली, "म्हणजे ते हसू आता त्या लोकांकडे आहे."

"एकोणीस जणांकडे. पुढे वाढतील."

"मग मी येते बघायला. पहिल्या दिवशी. तिथे काही नाही ना?"

"काही नाही. मी स्वतः पुसलंय."

तिने तो सिनेमा आजवर पाहिलेला नाही. ना जुना, ना कुठलाही भुताचा.

११ जुलै, गुरुवार

दुपारचा खेळ, चित्रगृह भरलेलं. लमुनने लग्नातला हिरवा रेशमी ब्लाउज घातला होता. पेटी उघडली. ख्वानचे ओठ हलले. शांतता — माझी, स्वच्छ, अर्ध्या सेकंदाची. आणि लमुन हसली! मोठ्याने! हात मांडीवर, तोंड उघडं! अख्खं चित्रगृह किंचाळलं. पुढचा माणूस खुर्चीवरून उतरून खाली बसला. ते पाहून ती आणखी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेर आल्यावर जाहिरातीच्या मोठ्या चित्रापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "काढा फोटो. लवकर, हसू आहे तोवर." काढला. छान आला आहे.

१२ जुलै, शुक्रवार

लमुनचं हसू बाहेर येतं. तीन पायऱ्या उतरतं आणि शेवटी नाकात जातं. सकाळी तिला जमिनीवर आडवं झोपायला लावून हसवलं — तेच, तीन पायऱ्या, नाक. जुन्या प्रतीवरचा आवाज आत जातो. एकच ओढ, नाक नाही. चारदा लावून पाहिला. तो तिचा नाही. कधीच नव्हता. वर ती मिरच्या निवडते आहे आणि कालचं आठवून हसते आहे. तिला सांगायला हवं, की बत्तीस वर्षं तू त्या पेटीत नव्हतीसच, सुटलेलीच होतीस. पण मी ओळखतो ना तिला. लगेच विचारील — मग हसलं कोण?