थंड पेटीतल्या तीन कळ्या

२ जून
डोकं फुटायची वेळ आली आहे. यांची थोरली बहीण आली, वसुधाताई. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चेरीतालच्या त्यांच्या घराला रंग लागतोय म्हणून आठवडाभर मुक्काम इथे आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात. सोबत जवळच्या पाटण गावच्या बागेतली आंब्यांची टोपली! यांची साखर वाढलेली, डॉक्टरांनी आंबा सक्त बंद केलेला – आणि टोपली ठेवली नेमकी यांच्या खुर्चीशेजारी. घरभर वास.

आल्या आल्या माझ्या ऑर्किडच्या पेटीपुढे उभ्या राहिल्या. पेटी म्हणजे कोल्ड्रिंकच्या दुकानातला जुना काचेचा फ्रीज. आत पंखा बसवून घेतलाय, अठरा अंशांच्या वर जाऊ देत नाही. "अच्छा, म्हणजे झाडं थंडीत अन् माणसं कूलरपुढे?" हे हसले. मी नाही हसले.

३ जून
लेपँथिसला तीन कळ्या. पहिल्यांदाच! ढगातल्या डोंगरांवरची जात ही. सगळं झाड माझ्या अंगठ्याएवढं, कळी तांदळाच्या कणीएवढी. नळाचं पाणी चालत नाही, साठवलेलं पावसाचं घालते. वीज गेली की बर्फाच्या बाटल्या घेऊन धावते. जन्मभर मुलींना चित्रं दाखवून वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता एक तरी असं फूल माझ्या हातचं बघायचंय. एवढंच मागणं आहे, आणि त्याचीही घरात थट्टा.

दुपारी वसुधाताई म्हणाल्या, "दार उघड ना जरा. माझ्या डोळ्यांना दुरून काही दिसून नाही राहिलं." नाही म्हटलं. गरम हवा आत जाते. भिंग दिलं, काचेतून बघा म्हटलं.

५ जून
एक कळी पिवळी पडून गळली.

६ जून
दुपारी पडले होते, तर पेटीचं दार लागल्याचा आवाज आला. धावत बाहेर आले. वसुधाताई पेटीजवळ, पदराखाली हात. हे खुर्चीत, तोंडासमोर पेपर.

मग मी हातचं काही राखलं नाही. आल्यापासून तुमचा डोळा आहे माझ्या पेटीवर, म्हटलं. माझं असं एवढंसं काही या घरात असलेलं तुम्हाला बघवत नाही, म्हटलं. त्यांनी पदर आणखी घट्ट धरला. नंतर एवढंच – "शरयू, झाडासाठी माणसावर ओरडून राहिली तू." हो, ओरडते!

पिशवी भरली त्यांनी, टोपली उचलली. "चलो, रंगाच्या वासात झोपीन." हे ऑटो आणायला खाली उतरले.

७ जून
बरं झालं गेल्या.

९ जून
दुसरीही गळली. पारा अठरावरच, पाणी ठीक, वीज एकदाही गेली नाही. दार उघडलं आणि आंब्याचा वास आला. टोपली जाऊन तीन दिवस झाले. घरात वास उरला नाही, पेटीत आहे!

खालच्या कप्प्यात, शेवाळाच्या पिशवीमागे दोन आंबे. एक अर्धा खाल्लेला.

पिकणारं फळ वायू सोडतं, कोंडलेल्या जागेत त्यानं कळ्या गळतात. हे मी फळ्यावर लिहून शिकवलंय. आणि रोज भिंग घेऊन वरच्या कप्प्यापुढे बसत होते, खाली एकदा बघितलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

यांना समोर उभं केलं. म्हणाले, "घरातले सगळे डबे तू तपासते. या पेटीत फक्त कळ्या पाहते. म्हणून इथं ठेवले." ताई त्या दिवशी यांनी लपवलेला एक आंबा बाहेर काढून नेत होत्या. पदराखाली तो होता. आणि हा माणूस पेपर वाचत बसला! बोलणंच बंद केलंय मी.

१० जून
ताईंना फोन केला. आधी भांडायलाच. सांगितलं का नाही मला?

"काहून सांगू? मला तू एकदा बोलशील अन् मोकळी होशील. त्याला वर्षभर ऐकवशील."

खरं आहे म्हणून अजूनच संताप आला. मग त्यांनीच विचारलं, "फूल आलं का गं?" एक कळी उरलीय म्हटलं. "मला तर त्या काचेतून नुसतं हिरवं दिसलं."

पुन्हा या, असं म्हणायचं होतं. फोन ठेवला.

१४ जून
उमललं. तांबडं, मध्ये पिवळा ठिपका. कुंडी पेटीबाहेर काढलीय – ओला टॉवेल, बर्फाची बाटली, भिंग. बाहेर भट्टी पेटलीय, चेरीतालपर्यंत टिकेल की नाही माहीत नाही. ताईंना ते हातात धरून बघू दे. खाली ऑटोवाला भैया हाका मारतोय. हे पुढे त्याच्याजवळ बसतील, ताईंसाठी विकत आणलेले आंबे घेऊन. माझ्यापासून लांब धरा म्हटलंय. एक फोड यांनी खावी, पण आमच्या दोघींच्या समोर.