आधी रामगंगा

हॅमिल्टन, शुक्रवार

ती. अप्पांना उत्कर्षाचा वाकून नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. मी ठणठणीत आहे. फावड्याने बर्फ उपसून उपसून दंड पैलवानासारखे झालेत, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे? तुम्ही बीपीची गोळी घेता ना, की माझ्यावरच्या रागापायी तीही बंद?

पुढच्या शनिवारी मराठी मंडळात मी रोहिलखंडावरच बोलणार आहे. विषय बदल, असं मंडळाचे यशोधनकाका म्हणाले आणि तुम्हीही. पानिपतात अब्दालीला मिळालेल्या रोहिल्यांचं कौतुक आपल्या पोरीने का करावं, हा तुमचा सवाल. कौतुक नाही करत, अप्पा. डोंगरातले पठाण तीनशे वर्षांपूर्वी बरेलीच्या सपाट मुलखात येऊन कसे रुजले, ते सांगणार आहे. पानिपतही वगळणार नाही. काकांनी हॉल दिला नाही, तर माझ्या बेसमेंटमध्ये बोलेन.

त्यासाठी भिंतीएवढा नकाशा केलाय. काढायला बसले आणि हात तुमच्याच पद्धतीने चालला. भूगोलाच्या तासाला तुम्ही बजावायचात, आधी नदी, मग गावं, सरहद्द सगळ्यात शेवटी. सातवीत मी सरहद्द आधी काढली, तर तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझा नकाशा फाडलात. घरी येऊन मी जेवलेसुद्धा नव्हते.

म्हणून या वेळी आधी रामगंगा काढली. आता तुम्हीच म्हणताय, आपले कोण आणि शत्रू कोण, त्या सरहद्दीपासून सुरुवात कर.

नाही करणार.

तुमच्याच वर्गातली,
उत्कर्षा