अष्टमीचं ग्रहण

पर्वत पाटिया, सुरत
शनिवार, २६ जुलै २०२५

ती. अक्कास,
भाईदासचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही जेमतेम ठीक. तुझ्या गुडघ्याचं काय ते कळव. पत्र कशाला, सरळ फोन करा, असं पोरगा चेतन म्हणतो. पण तुला ठाऊकच आहे, बत्तीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात उभं राहून माझे कान गेले. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो हो करतो. मागच्या खेपेला तू शेळी मेल्याचं सांगितलंस आणि मी बरं झालं म्हणालो. त्यापेक्षा हे पत्र बरं. आपल्या गावच्या दगाची ट्रॅव्हल्सची गाडी सुरत-दोंडाईचा रोजच असते, त्याच्याच हाती देतोय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

इकडे आपल्या खान्देशी लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, दोनशे बारा माणसं. पूर्वी कोणाचं लग्न ठरलं, कोण वारलं, हे मला चार दिवसांनी कळायचं, तेही शोभाने हातवारे करून सांगितलं तर. कारखान्यात चहाला सगळे हसले की मीही हसायचो, कशाला ते न कळता. आता चेतनने त्याचा जुना फोन मला दिला आणि सगळं लिहूनच येतं. वाचता तर मला येतं ना! मी लिहितो, लोक उत्तर देतात. या एका वर्षात जितकं बोललो तितकं मागच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो.

तर त्या ग्रुपवर आलंय की येत्या शनिवारी, दोन ऑगस्टला, खग्रास सूर्यग्रहण आहे. भर दुपारी तीनला सहा मिनिटं सगळ्या जगात अंधार पडणार, शंभर वर्षांत असं झालं नाही म्हणे. मी त्यावर ऐंशी सालची आठवण लिहिली. आबांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आपण दोघं गोठ्यामागे शेणाच्या पाण्यात सूर्य बघत बसलो होतो, ती. तू मला कोपर मारून बाजूला सारलं होतंस तेही लिहिलं. अक्का, शेचाळीस जणांनी अंगठे दिले! तेव्हापासून जो तो मलाच विचारतो. वेध कधी लागतात, पिठात तुळस टाकायची का, गरोदर बाईने काय काय पाळायचं. धर्मेंद्र म्हणून आमच्याच मजल्यावर एक बँकेतला तरुण राहतो. त्याने लिहिलं की हे सगळं खोटं आहे, तर लोकांनीच त्याला गप्प केलं. मीही दोन शब्द सुनावले.

आता कामाचं. ग्रहणात परातीच्या पाण्यात मुसळ आपोआप उभं राहतं, ते मी गच्चीवर सगळ्यांना दाखवणार आहे. पण अख्ख्या पर्वत पाटियात मुसळ मिळेना, सगळ्यांकडे मिक्सर. आपल्या घरचं दगाच्या गाडीत टाकून पाठव. मी ग्रुपवर तसं लिहूनही टाकलंय.

शोभा आणि सूनबाई हर्षदा नमस्कार सांगतात. हर्षदाला सातवा लागलाय, पाय सुजतात. लोभ आहेच, त्यात उणं पडू देऊ नये.

तुझा,
भाईदास


पिंपळखेडे, ता. शिंदखेडा
सोमवार, २८ जुलै

चि. भाईदास यास,
कमलअक्काचे अ. उ. आ.

मुसळ पाठवत नाही.

अरे वेड्या, ग्रहण कसलं? गुरुवारी दिव्यांची अमावास्या झाली. उद्या नागपंचमी, मी आत्ताच पुरणाची डाळ भिजत घालून बसलेय. शनिवारी अष्टमी आहे आणि त्याच्या पुढच्या शनिवारी राखी. सूर्याला ग्रहण लागतं ते अमावास्येला आणि चंद्राला पौर्णिमेला. अष्टमीला कोणालाच लागत नाही. चौथी शिकलेल्या बाईला हे कळतं आणि तुमच्या दोनशे बारा जणांत एकाला कळू नये? कॅलेंडर मी चष्मा लावून दोनदा बघितलं. तरी मनाची खात्री म्हणून देवळातल्या महाराजांना विचारायला गेले, तर ते इतके हसले की त्यांच्या हातातलं ताम्हन सांडलं.

तो धर्मेंद्र कोण आहे त्याची माफी माग. आणि हे पत्र मिळाल्याबरोबर सगळ्यांना लिहून टाक की ग्रहण नाही, आपापल्या कामाला लागा. मला काळजी हर्षदाची आहे. तिचं मागचं गेल्या वर्षी पाचव्यातच गेलं. तेव्हापासून शोभा धसका घेऊन आहे, ती पोरीला कोंडून घालेल. शोभाची चूक नाही, तिच्या जागी मीही तेच करेन. म्हणून म्हणते, उशीर करू नकोस.

शेणाच्या पाण्याचं लिहिलंस ते वाचून हसू आलं. पण कोपर तू मारलं होतंस, मी नाही.

गुडघा आहे तसाच आहे. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, आणि तुझ्यावर माया आहे म्हणून इतकं रागावले असं समज.

तुझी अक्का


पर्वत पाटिया, सुरत
गुरुवार, ३१ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. कॅलेंडरचं म्हणतेस ते बघतो. इथलं कॅलेंडर गुजराती आहे, त्यातलं मला नीटसं लागत नाही.

कारखान्यात काम फार आहे. दोन माणसं गावी गेलीत, त्यांच्या लूमही मीच बघतो. घरी येतो तेव्हा पायांत गोळे आलेले असतात. शनिवारचा मात्र मी खाडा सांगून ठेवलाय. गच्चीवर ताडपत्री बांधून झाली. एकशे दहा लोकांनी नावं दिलीत. काल वरच्या मजल्यावरच्या दोघी बायका, ज्या मला ऐकू येत नाही म्हणून दहा वर्षांत जिन्यात कधी थांबल्या नाहीत, त्या कागदावर प्रश्न लिहून घेऊन आल्या.

दगा हॉर्न देतोय असं शोभा खुणेने सांगते. थांबतो. राग धरू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
भाईदास


सुरत, दवाखान्यातून
रविवार, ३ ऑगस्ट

ती. कमलअक्का यांस,
शोभाचा सा. न. वि. वि.

अक्का, घाबरू नका, बाळाचे ठोके आहेत. आधी हेच लिहिते.

काल शनिवारी ग्रहण म्हणून हर्षदाला मी पहाटेपासून आतल्या खोलीत निजवलं. खिडकीला गोधडी लावली. सरळ उताणी झोप, कुशीवर वळायचं नाही, दोऱ्याला हात लावायचा नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ती साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते ना, तो डबासुद्धा मी शेजारी ठेवून आले. पोरगीने सांगितलं तसं सगळं पाळलं. दहाच्या सुमाराला पाणी मागितलं तिने, मीच नाही म्हटलं. अक्का, गेल्या वर्षीचं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा मी काही पाळलं नव्हतं असं सगळे म्हणाले होते.

अडीचच्या सुमाराला मी आत डोकावले तर ती पांढरीफट. हाक मारली तर ओ नाही. चेतन इच्छापोरला कामावर आणि हे वर गच्चीवर. मी ओरडले ते यांना कुठलं ऐकू जायला? धर्मेंद्रच धावत आला, त्यानेच रिक्षा आणली. तिच्या अंगातलं पाणी आटलं होतं आणि कळा सुरू झाल्या होत्या. त्या डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावून थांबवल्या. आता बाळंत होईपर्यंत खाटेवरच ठेवायचं आहे. पहिले दोन दिवस काय होईल ते सांगता येत नाही म्हणाल्या.

आणि ग्रहण काही झालंच नाही. तीन वाजले, सव्वातीन वाजले. एकदा ढग आला आणि जरा सावली पडली, तर लोकांनी हात जोडले म्हणे. मग चार वाजता एकेक करून सगळे उतरले. डॉक्टरीणबाई मला बोलल्या ते मी लिहीत नाही.

हे कालपासून जेवले नाहीत. नुसते भिंतीकडे बघत बसतात. ग्रुपवर कोणी यांना दोष देत नाही. भाईदासबाबा साधे आहेत, त्यांचीही फसगत झाली, असंच सगळे लिहितात. तुम्ही यांना दोन शब्द धीराचे लिहा. तुमचं ते ऐकतात.

मी फार दमलेय, अक्का. अक्षर वाईट आलंय ते चालवून घ्या आणि आम्हांला मनातून काढू नका.

तुमची,
शोभा


पिंपळखेडे
मंगळवार, ५ ऑगस्ट

चि. भाईदास,
आशीर्वाद.

शोभाचं पत्र मिळालं. धीराचे दोन शब्द लिही म्हणते. तिला माहीत नाही की माझं पत्र तुला बुधवारीच मिळालं होतं. मी तिला कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. पण तुझ्यामाझ्यात हे असंच राहिलं तर मीही त्यात सामील झाले.

कालपासून मला भाकर गोड लागत नाही. तुला नीट कळलं नसेल असं म्हणून पाहिलं. पण मी इतकं फोडून लिहिलं होतं की न कळायला जागाच नव्हती.

ग्रुपवर लिही असं मी म्हणत नाही. त्या दोनशे बारा जणांचं एका दुपारचं ऊन वाया गेलं, बाकी त्यांचं काही गेलं नाही. जिला कोंडलं तिला सांग. तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. कागदावर लिहून देऊन मोकळा होऊ नकोस.

सोबत राखी ठेवली आहे. बांधायची की नाही ते तू ठरव. माया आटत नाही, पण या वेळी ती लिहिताना हात जड झालाय.

तुझी अक्का


पर्वत पाटिया, सुरत
शुक्रवार, ८ ऑगस्ट

ती. अक्कास,
भाईदासचा सा. न. वि. वि.

हर्षदाला परवा घरी आणली. बाळ आहे. तिने उठायचं नाही, सगळं खाटेवरच. चेतनने खाट खिडकीपाशी घेतली आहे.

तुझं पत्र मला बुधवारी संध्याकाळीच मिळालं होतं. वाचलं आणि त्याच घटकेला कळलं. मी फोन हातात घेतला होता. ग्रहण नाही, एवढे दोनच शब्द लिहायचे होते. तेवढ्यात ग्रुपवर एकाने विचारलं, बाबा, मुसळ आलं का? मी लिहिलं, उद्या येतंय. मग गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दर वेळी वाटायचं, आणखी एकाला उत्तर देतो आणि मग सांगतो. शनिवारी मी दोनदा हर्षदाच्या दारापर्यंत गेलो. शोभा दाराशी पोथी वाचत होती, तिने खुणेनेच वर जा म्हटलं आणि मी वर गेलो. गच्चीवर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अक्का, मला तेव्हा बरं वाटत होतं. हे तुला लिहितो, दुसऱ्या कोणाला लिहिणार नाही.

काल दुपारी शोभा औषधं आणायला गेली, चेतन कामावर. मी खाटेपाशी स्टूल ओढून बसलो आणि हर्षदाला सगळं सांगितलं. पत्र बुधवारी आलं, ग्रहण नाही हे मला माहीत होतं, तू आत पाण्यावाचून पडलीस तेव्हाही माहीत होतं. लोक मला विचारत होते म्हणून मी गप्प बसलो. तुझ्या बाळापेक्षा मला ते अंगठे मोठे वाटले. हेच शब्द बोललो. शेजारी कळू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात, तिच्याकडे वाकून.

निदान मला तरी तो आवाज हलका वाटला. कान गेलेल्या माणसाला स्वतःचा आवाजही कळत नाही. कारखान्यात लूमवरून पलीकडच्याला हाक मारावी तसा मी बोलत होतो. मागे वळून पाहिलं तर दार उघडं आणि दारात माणसं. वरच्या मजल्यावरच्या दोघी, धर्मेंद्रची आई, जिन्यात आणखी कोणकोण. शोभा औषधाची पिशवी घेऊन त्यांच्या मागे उभी होती. ती किती वेळ उभी होती ते मी विचारलं नाही.

मी उठणार तोच हर्षदाने माझी बाही धरली. घरात येऊन तीन वर्षं झाली, माझ्यासमोर ती मान वर करत नाही, पण काल तिने केली आणि ती बोलायला लागली. पुष्कळ बोलली, अक्का. दोन-तीन मिनिटं तरी. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, पण ती भरभर बोलत होती आणि मला एक शब्दही उमगला नाही. चेहऱ्यावर राग म्हणावा तर राग नव्हता, रडतही नव्हती. दारातल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला, दुसरी खाली बघायला लागली. मग बाही सोडून हर्षदा भिंतीकडे वळून झोपली.

रात्री मी शोभाला विचारलं, ती काय म्हणाली. शोभाने मान फिरवली. पाटीवर लिहून दे म्हटलं तर तिने पाटी माझ्या हातातून घेऊन ठेवून दिली. चेतनला विचारायचं तोंड मला नाही. धर्मेंद्र जिन्यात भेटला, तो बाजूला होऊन उभा राहिला. ग्रुपवर नक्की लिहिलं गेलं असेल, पण कालच संध्याकाळी त्यांनी मला काढून टाकलं. बरोबरच केलं.

उद्या राखी आहे. तुझी मी बांधलेली नाही. तुझा गुडघा दुखतो, तरी येशील का? माझ्याशी बोलू नकोस हवं तर. हर्षदापाशी बस, ती मला काय म्हणाली ते तिला विचार आणि मला लिहून दे. जसंच्या तसं, तिच्याच शब्दांत, काही गाळू नकोस. सगळ्या मजल्याला ते माहीत आहे, मलाच तेवढं माहीत नाही.

उरला असेल तेवढा लोभ असू दे.

तुझा,
भाईदास