कादंबरीत नसलेलं घर

मी, लव्हीनिया टिबेट्स, वय एक्याऐंशी, राहणार अमेरिकेच्या मेन राज्यातील लून तळ्याकाठी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही.

१. माझे पती कै. ऑरिन यांच्या कादंबरीचे सर्व हक्क त्यांच्या वाचक मंडळास द्यावेत. तिच्यात एक पुरुष एकटाच अरण्यात जातो आणि मुक्त होतो. ती ऑरिननी आमच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ पाय शेकत लिहिली. टंकलेखन माझं. तेव्हाच मी विचारलं होतं, "ऑरिन, यात मी कुठाय?"

"अगं, अरण्य म्हणजे स्वातंत्र्य. तिथं कुणी नसतं."

"मग त्याचं सरपण कोण फोडतं?"

"लव्ही, ते प्रतीक आहे."

प्रतीकाला थंडी वाजत नसेल. ऑरिनना वाजायची, आणि कुऱ्हाड माझ्या हातात असायची.

२. घर आणि तळ्यापर्यंतचं रान माझी भाची डेल्फीन मिशो हिला द्यावं. माझं दुखणं काढायला तिनं गिरणीतली नोकरी सोडली. तिला दुसरं छप्पर नाही. मंडळाचे प्राध्यापक व्हिटकोम यांनी गेल्या वसंतात माझ्याकडे ताटभर बीन्स खाल्ले आणि म्हणाले, "आजी, कादंबरीत इथं घर नाहीये. तुमच्यानंतर हे पाडलं, की अरण्य मूळ रूपात येईल."

"आणि डेल्फीननं कुठं जायचं?"

"गावात खोली बघून देऊ की."

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आणि मूळ रूप कसलं? आमच्या कितीतरी आधी इथे पेनॉब्स्कॉट जमातीचे मूळ रहिवासी राहत होते. मी पाणी आणते ती पायवाट त्यांची आहे.

३. प्राध्यापकांना बीन्सचं मडकं द्यावं, रिकामं.

४. ऑरिन गावच्या दफनभूमीत आहेत. रानात पुरू नका, असं त्यांनीच बजावलं होतं. त्यांना रानाची भीती वाटायची. माझं त्यांच्यावर प्रेम आहे आणि त्या पुस्तकाचा रागही आहे. तरी मला त्यांच्याशेजारी नको. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत पुरावं, जिथे कादंबरीचा नायक गुडघे टेकून म्हणतो की इथे आजवर कोणी आलेलं नाही. दगडावर पूर्ण नाव असावं, दुरून वाचता येईल असं. मंडळींनी मग अरण्य बघायला खुशाल यावं. इथे घर कसं, असं कोणी विचारलं, तर डेल्फीननं त्या दगडाकडे बोट दाखवावं.

स्थळ: लून तळं
दिनांक: ९ ऑक्टोबर १९८६
सही: लव्हीनिया टिबेट्स

आमच्यासमोर सही केली:
क्लेटन हास्केल, पोस्टमन (कादंबरी वाचलेली नाही)
विल्मा पेलेटिए, परिचारिका (अर्धी वाचली)